विजेचा ठिपका आणि त्याभोवतीची चूक

एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापूर परिसरात वळवाचा पाऊस येतो तो बहुधा दुपारनंतर, आणि येताना विजा घेऊन येतो. कसबा बावड्यासारख्या ठिकाणी तर एकाच ढगाखाली सगळ्या तऱ्हेची माणसे असतात. पंचगंगेच्या काठी उसात काम करणारे मजूर, राजाराम साखर कारखान्याच्या आवारातले कामगार, शाळा-महाविद्यालयांतली मुले आणि दाट वस्ती. अशा वेळी शिक्षकाच्या मनात दोन प्रश्न येतात. पहिला प्रश्न, वीज नेमकी कुठे पडली? दुसरा, मुलांना आता घरी सोडावे की थांबवून घ्यावे? पहिला प्रश्न मापनाचा आहे, दुसरा निर्णयाचा. हे दोन प्रश्न एकच आहेत असे समजण्यातून मोठा घोटाळा होतो, असे आमचे मत आहे.

या घोटाळ्याला आज एक नवे निमित्त मिळाले आहे, ते म्हणजे मोबाइलवरचा विजांचा नकाशा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) २०१४ साली महाराष्ट्रात २० ठिकाणी विजा टिपणारे संवेदक बसवले. पुढे हे जाळे देशभर पसरले आणि संवेदकांची संख्या ८० च्या वर गेली. त्याच्याच आधाराने ‘दामिनी’ हे ॲप तयार झाले. आपण जिथे उभे आहोत ते ठिकाण मध्यभागी, त्याभोवती २० आणि ४० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळे, आणि त्यांत गेल्या पाच, दहा व पंधरा मिनिटांत चमकलेल्या विजांचे वेगवेगळ्या रंगांतले ठिपके, असे त्याचे स्वरूप आहे. ते मोफत आहे, भारतीय भाषांत आहे, आणि अंदाजावर नव्हे तर प्रत्यक्ष मापनावर आधारलेले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात नैसर्गिक आपत्तींनी ८,०६० माणसे दगावली. त्यांपैकी ३५.८ टक्के, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक, केवळ विजेने. अशा देशात हे साधन निर्माण होणे ही मोलाचीच गोष्ट आहे. म्हणूनच त्याचे परीक्षणही नीट व्हायला हवे. ‘दामिनी’ काय मोजते, किती अचूक मोजते आणि काय सांगायचे राहून जाते, हे या लेखात पाहू.

ठिपका येतो कुठून?

विजेचा ठिपका हे छायाचित्र नाही. वीज पडताना कोणीही पाहिलेली नसते. ठिपका हे एका गणिताचे उत्तर असते.

वीज जमिनीवर येते तेव्हा तिच्या मार्गातून काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३० हजार अँपिअरचा प्रवाह वाहतो. इतका मोठा प्रवाह इतक्या झटकन बदलला की विद्युतचुंबकीय लहरी निघतात. मध्यम लहरींच्या रेडिओवर पावसाळी हवेत जी खरखर ऐकू येते ती याच लहरींची. रशियन शास्त्रज्ञ पोपोव यांनी १८९५ साली या लहरींवरून दूरचे वादळ ओळखणारे उपकरण करून दाखवले होते. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये वॉटसन-वॉट यांनी या लहरी कोणत्या दिशेने येतात ते ऋणकिरण नळीच्या पडद्यावर पाहण्याची रीत काढली. दोन ठिकाणांहून दोन दिशा मिळाल्या की त्या रेषा जिथे छेदतात तिथे वीज. मात्र दिशेत एका अंशाची चूक झाली, तर १०० किलोमीटरवर जागेत पावणेदोन किलोमीटरची चूक होते.

आजची जाळी मुख्यतः वेळेवर चालतात. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. समजा, दोन संवेदकांना एकाच विजेची लहर १०० मायक्रोसेकंदांच्या फरकाने मिळाली. म्हणजे एका संवेदकापेक्षा दुसरा त्या विजेपासून ३० किलोमीटरने दूर आहे. दोन ठरावीक बिंदूंपासूनच्या अंतरांतला फरक कायम असणाऱ्या बिंदूंचा मार्ग म्हणजे अपास्त, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तेव्हा वीज त्या अपास्तावर कुठेतरी आहे. तिसऱ्या संवेदकामुळे दुसरे अपास्त मिळते आणि छेदनबिंदू सापडतो. कधी दोन छेदनबिंदू मिळतात. त्यांतला खरा कोणता हे ठरवायला चौथा संवेदक लागतो. या सर्व संवेदकांची घड्याळे मायक्रोसेकंदाहून अधिक काटेकोरपणे जुळलेली असावी लागतात, आणि हे काम जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांमुळे साध्य झाले आहे. घड्याळात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतरांतल्या फरकात ३०० मीटरची चूक होते. पण जागेत होणारी चूक त्याहून कितीतरी मोठी असू शकते. ती का, हे आपण बावड्यातच पाहू.

बावड्याचे तीन निरीक्षक

हाच प्रयोग ध्वनीने करता येतो. वीज चमकली की सेकंद मोजायचे आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचे. प्रकाशाला तीन किलोमीटर यायला दहा मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे आपल्या हिशेबात शून्यच. हवेचे तापमान २८ अंश सेल्सिअस असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर. सेकंदांना तिनाने भागले की किलोमीटर मिळतात, ही पाठ्यपुस्तकातली रीत त्यावरूनच आली.

आता समजा, एक निरीक्षक कसबा बावड्यात आहे, दुसरा दोन किलोमीटर दक्षिणेला न्यू पॅलेसजवळ आणि तिसरा तीन किलोमीटर उत्तरेला नदीपलीकडे शिये गावात. हिशेब सोपा व्हावा म्हणून तिघेही एका सरळ रेषेत आहेत असे धरू. एकाच विजेचा आवाज बावड्यात ९ सेकंदांनी, न्यू पॅलेसला १२ सेकंदांनी आणि शियेत साडेदहा सेकंदांनी पोहोचला. म्हणजे अंतरे अनुक्रमे ३.१३, ४.१८ आणि ३.६५ किलोमीटर झाली. आलेखाच्या कागदावर कंपासने ही तीन वर्तुळे काढून पाहावीत. उत्तर येते ते असे: वीज बावड्याच्या उत्तरेला सुमारे ९०० मीटरवर, आणि तीन किलोमीटर पूर्वेला किंवा तीन किलोमीटर पश्चिमेला.

हे ‘किंवा’ महत्त्वाचे आहे. वीज शिरोलीच्या बाजूला पडली की वडणगेच्या बाजूला, हे तिन्ही निरीक्षक मिळूनही सांगू शकत नाहीत, कारण ते एका रेषेत उभे आहेत. याच रेषेवर आणखी दहा निरीक्षक उभे केले तरी उत्तर तेच येणार. रेषेबाहेर, वडणग्यात वा शिरोलीत, एकच निरीक्षक असला तरी प्रश्न सुटतो. संवेदक किती आहेत यापेक्षा ते कसे मांडले आहेत याला महत्त्व आहे, ही गोष्ट यावरून वर्गात सहज पटते.

आता न्यू पॅलेसच्या निरीक्षकाकडून अर्ध्या सेकंदाची चूक झाली असे धरा. त्याच्या अंतरात चूक झाली १७४ मीटरची. पण बावडा आणि न्यू पॅलेस यांच्या वर्तुळांचा छेदनबिंदू सरकतो जवळजवळ ३७० ते ४०० मीटर. मोजमापातली चूक जागेत उतरताना दुपटीहून अधिक झाली. असे होण्याचे कारण म्हणजे दोन निरीक्षक एकमेकांच्या जवळ आहेत आणि वीज त्यांच्यापासून दूर आहे. शिवाय आता तिन्ही वर्तुळे एका बिंदूत मिळत नाहीत. मध्ये एक लहानसा त्रिकोण उरतो. हा त्रिकोण विद्यार्थ्यांनी खोडून काढू नये. आपल्याला विजेची जागा किती ठाऊक आहे याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर तोच देतो.

ध्वनीच्या पद्धतीत आणखी एक अडचण आहे. वीज हा बिंदू नसतो. तिचा मार्ग कित्येक किलोमीटर लांब आणि वेडावाकडा असतो. आपल्याला सर्वांत आधी ऐकू येतो तो त्या मार्गाच्या सर्वांत जवळच्या भागाचा आवाज, जमिनीवर जिथे वीज टेकली तिथलाच असेल असे नाही. गडगडाट लांबत जातो तो म्हणूनच.

नकाशात काय दिसत नाही

हा सर्व हिशेब मनात ठेवून ‘दामिनी’कडे पुन्हा पाहू. संवेदकांचे जाळे आपल्या तीन निरीक्षकांहून लाखो पटींनी काटेकोर घड्याळे वापरते, यात वाद नाही. पण भूमितीचे नियम त्यालाही चुकत नाहीत. त्याच्या गणितातही एक ‘त्रिकोण’ उरतो. शास्त्रज्ञ तो लंबवर्तुळाच्या रूपात मांडतात. वीज या लंबवर्तुळाच्या आत असण्याची शक्यता अमुक इतकी, असा त्याचा अर्थ. सामान्य माणसाच्या हाती जो नकाशा येतो त्यात मात्र फक्त ठिपका असतो. लंबवर्तुळ गळून गेलेले असते. आमचा पहिला आक्षेप हा आहे.

ही चूक सर्वत्र सारखी नसते. संवेदकांनी चहूबाजूंनी वेढलेल्या भागात ती कमी, आणि जाळ्याच्या कडेला जास्त. केवळ महाराष्ट्रातले संवेदक धरले तर कोल्हापूर राज्याच्या दक्षिण टोकाला येते. पश्चिमेला घाट, कोकणपट्टी आणि लगेच समुद्र, दक्षिणेला कर्नाटक. शेजारच्या राज्यांत संवेदक आल्यामुळे ही उणीव पुष्कळ कमी होते, पण समुद्रात संवेदक बसवता येत नाहीत. म्हणून ‘अचूकता सरासरी इतके मीटर’ असा एकच आकडा देशभरासाठी सांगणे पुरेसे नाही. बावड्याच्या शिक्षकाला बावड्याचा आकडा हवा.

दुसरा आक्षेप ठिपक्यांच्या संख्येबद्दल आहे. आपण जिला एक वीज म्हणतो तिच्यात बहुधा तीन-चार विसर्जने एकामागोमाग होतात. दोन विसर्जनांत सेकंदाच्या विसाव्या भागाएवढे अंतर असते. वीज लुकलुकल्यासारखी दिसते ती त्यामुळेच. त्यातही जमिनीवर येणाऱ्या विजांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या विजा एकाहून अधिक जागी जमिनीला टेकतात, आणि त्या जागांत काही किलोमीटरचेही अंतर असू शकते. शिवाय निम्म्याहून कितीतरी जास्त विजा ढगातच चमकतात, खाली येतच नाहीत. संवेदक दोन्ही प्रकार टिपतात, पण त्यांची विभागणी लहरीच्या आकारावरून केलेली असते आणि ती कधी चुकते. काही दुबळी विसर्जने तर टिपलीच जात नाहीत. तेव्हा आठ ठिपके म्हणजे आठ विजा पडल्या असे नव्हे, आणि ठिपका नाही म्हणजे वीज पडलीच नाही असेही नव्हे.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबायला हवे. वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना शासनाकडून चार लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. उद्या कोणी म्हणेल, नकाशात त्या शेतात ठिपका नाही, जवळचा ठिपका अर्धा किलोमीटर दूर आहे, तेव्हा मृत्यू विजेने झाला कशावरून? ठिपक्याभोवतीची चूक सांगितलेली नसेल तर या प्रश्नाला उत्तर देणे त्या कुटुंबाला कठीण जाईल. ठिपका असणे हा पुरावा होऊ शकतो. ठिपका नसणे हा पुरावा होऊ शकत नाही. हा भेद शाळेतच शिकवायला हवा.

रिकामे वर्तुळ

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नकाशा सांगतो तो भूतकाळ, गेल्या पंधरा मिनिटांतला. पाहणारा माणूस त्यात शोधतो तो पुढच्या पंधरा मिनिटांचा भविष्यकाळ. वर्तुळ रिकामे दिसले की ‘आता धोका नाही’ असा अर्थ काढला जातो. पण नव्याने वाढणाऱ्या ढगातली पहिली वीज चमकण्यापूर्वी वर्तुळ रिकामेच असणार. बावड्यावर पहिलीच वीज पडली तर तिच्या आधी तिथे ठिपका कुठून येणार? ढगातल्या विजा बहुधा जमिनीवरच्या पहिल्या विजेच्या काही मिनिटे आधी सुरू होतात, त्यामुळे थोडी पूर्वसूचना मिळू शकते. पण या ‘बहुधा’वर मुलांना मैदानात ठेवता येत नाही. पावसापासून दहा-पंधरा किलोमीटर पुढे, वर आकाश मोकळे असताना वीज पडल्याची उदाहरणे शास्त्राला माहीत आहेत.

याउलट भरलेल्या वर्तुळाचेही आहे. २० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५० चौरस किलोमीटर होते. बावडा मध्यभागी धरला तर जोतिबा आणि पन्हाळा त्यात येतात, कागल जवळजवळ कडेवर येते. ४० किलोमीटरचे वर्तुळ ५,००० चौरस किलोमीटरचे, आणि आख्खा कोल्हापूर जिल्हा आहे ७,६८५ चौरस किलोमीटरचा. पन्हाळ्यावर वीज चमकली तरी बावड्यातल्या मोबाइलवर ती २० किलोमीटरच्या आत दिसणार. यावर काही जण तक्रार करतात की इशारा फारच ढोबळ आहे. ही तक्रार मात्र आम्हाला मान्य नाही. वादळ ताशी ३० किलोमीटर वेगाने सरकत असेल तर पन्हाळ्याहून बावड्यावर यायला त्याला अर्धा तास पुरतो. सुरक्षिततेसाठी वर्तुळ मोठेच असायला हवे.

इथे मूळ मुद्दा स्पष्ट होतो. नेमकी जागा हवी असते ती संशोधकाला, वीजवाहिनीतला बिघाड शोधणाऱ्या अभियंत्याला किंवा पंचनामा करणाऱ्याला. त्यांच्यासाठी ठिपक्यासोबत चुकीचे लंबवर्तुळ हवे, आणि तेच सामान्य नकाशात नाही. शिक्षकाला आणि शेतमजुराला नेमकी जागा नकोच असते. त्याला हवा असतो पुरेसा मोठा आणि वेळेवर मिळणारा इशारा. नकाशावरचा बारीक ठिपका पाहून मात्र त्याची समजूत होते की धोकाही तेवढ्याच बारीक जागेत आहे. ‘वीज शिरोलीला पडली, आपण बावड्यात आहोत’ असा निर्धास्तपणा त्यातून येतो. शिरोली आणि बावडा यांतले तीन-चार किलोमीटर पुढच्या विजेला काहीच नसतात.

तुलनेसाठी एक वेगळे जाळे पाहण्यासारखे आहे. जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फच्या विद्यापीठातले एगॉन वांके यांच्या पुढाकाराने ‘ब्लिट्झओर्टुंग’ हे हौशी मंडळींचे जाळे उभे राहिले. स्वस्त उपकरणे स्वतः जोडून लोक आपापल्या घरी संवेदक चालवतात. त्याच्या नकाशावर विजेपासून ती टिपणाऱ्या केंद्रांपर्यंत रेघा ओढलेल्या पाहता येतात. ठिपका हे अनेक ठिकाणच्या मापनांतून काढलेले उत्तर आहे, हे पाहताक्षणीच कळते. आणि जीवित वा मालमत्तेच्या रक्षणासाठी ही माहिती वापरू नये, असेही ते बजावतात. त्या जाळ्याची गुणवत्ता ‘दामिनी’हून श्रेष्ठ आहे असे आमचे म्हणणे नाही. पण मापनाची मर्यादा उघडपणे सांगण्याची ही रीत सरकारी ॲपनेही उचलावी. प्रत्येक ठिपक्याला चुकीचे वर्तुळ, त्या भागात किती टक्के विजा टिपल्या जातात याचा आकडा, आणि रिकाम्या वर्तुळाखाली ‘वीज टिपलेली नाही, धोका नाही असा याचा अर्थ नव्हे’ असे एक वाक्य, एवढे केले तरी पुष्कळ होईल.

शाळेने काय करावे

ही सुधारणा होईपर्यंत शिक्षकांच्या हातात बरेच आहे. ‘दामिनी’ जरूर वापरावे, पण आकाशाकडे लक्ष द्यायला लागण्याची खूण म्हणून. मोठ्या वर्तुळात ठिपके दिसू लागले की मैदानावरचे खेळ थांबवण्याची तयारी करावी. अखेरचा निर्णय डोळ्यांनी आणि कानांनी घ्यावा. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा सर्वांनी पक्क्या इमारतीत जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास होईपर्यंत मुलांना घरी सोडू नये, पालक घ्यायला आले तरी. झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडखाली किंवा उसाच्या फडातल्या खोपीत आसरा घेणे सुरक्षित नाही, हे ऊसपट्ट्यातल्या मुलांना वारंवार सांगावे. त्यांच्यामार्फत ते घरापर्यंत पोहोचते. हे पाळायला मोबाइलची रेंज लागत नाही आणि वादळात वीजपुरवठा बंद पडला तरी अडत नाही.

आणि तीन निरीक्षकांचा प्रयोग वर्गात आवर्जून घ्यावा, तोही इमारतीच्या आत, बंद खिडकीमागे बसून. बावडा, शिये आणि वडणगे येथील तीन शाळांनी आधी ठरवून आपापल्या नोंदी ठेवल्या आणि नंतर एकत्र आणल्या तर उत्तम. प्रत्येक वेळी उरलेला त्रिकोण कागदावर तसाच ठेवावा आणि ‘दामिनी’चा ठिपका त्यात पडतो का ते ताडून पाहावे. पडला नाही तर चूक कोणाची, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा. निरीक्षकाची, तापमानाची, वाऱ्याची, विजेच्या वाकड्या मार्गाची की संवेदकांच्या जाळ्याची? मोजलेल्या प्रत्येक गोष्टीला चूक चिकटलेली असते, आणि ती किती आहे हे सांगितल्याशिवाय मोजमाप पुरे होत नाही, ही गोष्ट ज्या विद्यार्थ्याला पटली त्याला कोणताही नकाशा सहसा फसवू शकणार नाही.